पाठ करून बसते, म्हणजे तिला लळा नाही का?

“आमच्याकडे आधी कुत्रा होता. दारात पाऊल टाकलं की अंगावर उड्या मारायचा. ही मांजर मात्र पाठ करून बसते आणि उचलली की बोचकारते. दीड वर्ष खाऊ घालतेय, पण हिला माझा लळाच नाही.” निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंची ही तक्रार. मांजर सोसायटीच्या पार्किंगमधून आणलेली, तेव्हा तीन महिन्यांची होती.

बोचकारण्यामागे दुखणं असू शकतं, म्हणून आधी पशुवैद्यांकडून दात, सांधे, पोट तपासून घेतलं. सगळं ठीक होतं. मग संध्याकाळी घरी आल्यानंतरच्या दहा मिनिटांचा व्हिडिओ मागवला.

उत्तर त्यातच होतं. दार उघडताच मांजर शेपटी काठीसारखी उभी करून, टोक किंचित वाकवून सामोरी आली. पिल्लं आईकडे अशीच जातात. मग तिने गाल आणि कपाळ बाईंच्या पायाला घासलं. गालावर, हनुवटीवर, कपाळावर आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. आपला वास लावून मांजर माणसाला आपल्यात घेते. नंतर ती लोळली, पोट दिसलं आणि बाईंनी कौतुकाने पोट चोळायला हात घातला.

बिघडलं ते इथे. पोट दाखवणं म्हणजे ‘तुझी भीती वाटत नाही’, एवढंच. हात लाव असं नव्हे. काही सेकंदांतच शेपटी आपटायला लागली, कान बाजूला वळले, पाठीवरची कातडी थरथरली. नख्या त्यानंतर निघाल्या. कुत्र्याची शेपटी पाहण्याची सवय असलेल्या बाईंना ती आपटणारी शेपटी आनंदाची वाटली होती.

तीन आठवडे उचलणं पूर्ण बंद करायला सांगितलं. जमिनीवर बसायचं, बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरायचं. तिने स्वतः गाल घासला तरच गालावर, कानाच्या मुळाशी, हनुवटीखाली हात फिरवायचा आणि तीन ते पाच सेकंदांनी थांबायचं. तिने पुन्हा डोकं पुढे केलं तर आणखी, नाहीतर हात मागे. घुरघुरते आहे म्हणजे सुखातच आहे, असं धरून चालू नये. दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात. टक लावून बघायचं नाही, डोळे बारीक करून सावकाश मिटायचे. २०२० साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं होतं: असे डोळे मिटणाऱ्या माणसाला मांजरं तसंच उत्तर देतात आणि त्याच्या हाताजवळ जास्त येतात.

बोलता बोलता बाईंनी आणखी एक सांगितलं. रात्री मांजर पायाशी येऊन गोधडीवर कणीक तिंबल्यासारखे पंजे चालवते आणि गोधडी उसवते म्हणून त्या तिला हुसकावतात. दूध पिताना पिल्लू आईचं पोट असंच दाबतं. मोठेपणी ही सवय निवांतपणात परत येते. गोधडीवर एक जाड चादर टाकली की काम भागतं. आणि पाठ करून बसणं? मागून येणारं काही मांजरीला दिसत नाही. त्यामुळे ज्याची धास्ती नाही, त्याच्याकडेच ती पाठ करते.

चौथ्या आठवड्यातल्या व्हिडिओत बोचकारणं नव्हतं. मांडीवर मात्र ती अजून येत नाही, कदाचित कधी येणारही नाही. माणसाच्या हातांची सवय लागण्याचा मुख्य काळ वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला, आणि तो हिचा पार्किंगमध्ये गेला. बाई पेपर वाचत असतात तेव्हा ती वीतभर अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून झोपते. आता त्या तिला तशीच झोपू देतात.