गिळता येत नसेल तर मॉर्फिन कसं द्यायचं?

निपाणीच्या ताईंचा प्रश्न: बाबांना तोंडाचा कॅन्सर, मॉर्फिनच्या गोळीनं दुखणं थांबत होतं, आता पाणीही गिळवत नाही. शेजारी म्हणतात पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) लावा. लावावा का?

ताई, मी बेळगावात कॅन्सरच्या रुग्णांची सिस्टर होते, त्या अनुभवावरून सांगते. डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

बाबांना नाकातून नळी घातली असेल तर पॅचची घाई नको. दर चार तासांची साधी गोळी बारीक करून पाण्यातून नळीनं देता येते, डोस सहसा तोच राहतो. पण बारा तासांची, सावकाश विरघळणारी गोळी (पाकिटावर एसआर किंवा सीआर असतं) कधीच कुटायची नाही. सगळं औषध एकदम अंगात जाऊन श्वास मंदावतो.

पॅच फेंटानिलचा, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाचा. औषध चांगलं, पण दुखणं आधीच आटोक्यात असलेल्यांसाठी. पुरता लागू पडायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवावं लागतं. २५ मायक्रोग्रॅमचा पॅचसुद्धा दिवसाला निदान ६० मिलिग्रॅम मॉर्फिन पचवणाऱ्यालाच लावतात. ७२ तासांनी बदलायचा, कापायचा नाही. त्यावर शेक तर अजिबात नको, आणि अंगात ताप चढला तर डॉक्टरांना फोन करा. उष्णतेनं औषध जास्त शोषलं जातं. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडून ठेवा, घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपून.

नळी नसेल आणि दुखणं रोज वरखाली होत असेल, तर माझा कौल कातडीखालच्या सुईला. दंडात किंवा छातीवर बारीक बटरफ्लाय सुई बसवून ठेवतात, सलाईन लागत नाही, शीर शोधावी लागत नाही. घरच्यांनाही शिकवतात. तोंडाचा डोस तसाच टोचायचा नाही: ३० मिलिग्रॅमच्या जागी साधारण १० ते १५ पुरतात. सुईची जागा लाल झाली, सुजली तर कळवायचं.

गुदमार्गेही देता येतं. लोक संकोचतात, एवढंच. जिभेखाली मॉर्फिन फारसं शोषलं जात नाही, त्यात तोंडात जखमा. तो नाद सोडा.

उपचार मिरजेला किंवा कोल्हापूरला चालू असतील तर दर वेळी तिकडेच जायला हवं असं नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायला पूर्वीसारखे अनेक परवाने लागत नाहीत, राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरते. बेळगावात अशी मान्यता कुणाकडे आहे ते विचारा. जाताना केसपेपर आणि सध्याच्या डोसची चिठ्ठी न्या.

बाबा हाक मारूनही जागे होईनात किंवा श्वास फार सावकाश झाला, तर लगेच दवाखाना गाठा.

नळी आहे का आणि पाकिटावर काय लिहिलंय, तेवढं कळवा.