दीड वर्षाच्या लेकराला तापाचं औषध किती चमचे द्यावं?

ताई, तुमची मुलगी दीड वर्षाची, वजन ९ किलो, ताप १०१. घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आहेत, एक ड्रॉप्सची, एक सिरपची, आणि किती चमचे द्यायचे असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. माझं पहिलं सांगणं, चमचा बाजूला ठेवा.

दोन्ही बाटल्या उजेडात धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. सिरपवर '५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ' असेल, कधी २५० असतं. ड्रॉप्सवर बहुतेक '१ मिलीमध्ये १०० मिग्रॅ'. छोटी बाटली म्हणजे हलकं औषध असं आपण धरून चालतो, पण १२५ च्या सिरपपेक्षा ते चौपट कडक आहे.

डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. तुमच्या मुलीला ९० ते १३५. म्हणजे १२५ चं सिरप ५ मिली, २५० चं अडीच मिली, ड्रॉप्स साधारण १.२ मिली. दोन्हींपैकी एकच द्या. तेच ड्रॉप्स चमचाभर, ५ मिली गेले तर ५०० मिग्रॅ झाले, मोठ्या माणसाची अख्खी गोळी! बाटलीसोबतचं माप किंवा मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज घ्या. बाटली हलवा, लेकराला बसतं धरा, गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा.

मागे कापूस वेचणीच्या दिवसांत एका घरी गेले होते. आई सकाळीच वावरात गेलेली. आजीनं औषध दिलं, दुपारी मोठ्या बहिणीनं दिलं, आल्यावर आईनं पुन्हा दिलं. कोणी कोणाला विचारलं नाही. आई म्हणाली, "ताई, आताही देल्लं जी, तरी ताप उतरून नाही राह्यला." बाटली चिकट झालेली, औषध ओघळून लेबलवरचा आकडा पुसलेला. लेकरू खेळत होतं, तरी आम्ही लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, कारण जास्तीचं पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं आणि पहिल्या दिवशी वरून काहीच दिसत नाही. लेकरू सुखरूप राहिलं.

तेव्हापासून मी घरोघरी सांगते, औषध दिलं की दारामागे खडूने वेळ लिहा. आजीला लिहिता येत नसेल तर रेघ ओढू द्या. दोन रेघांत सहा तासांचं अंतर, आणि दिवसरात्रीत चारच्या वर रेघ नको.

सर्दीचं सिरप सोबत देऊ नका. पुष्कळ सर्दीच्या औषधांत पॅरासिटामॉल असतंच, आणि एवढ्या लहान लेकराला ती द्यायचीही नसतात. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या विषारी सिरपने दगावली, कितीतरी जणांना आपल्या नागपुरात आणलं होतं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, डेंग्यूची शंका असेल किंवा उलट्या-जुलाब असतील तर मुळीच नको.

अंगावर पीत नसेल, सुस्त पडली, झटका आला, श्वास जोरात चालला, तर औषधाची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. ताप तीन दिवसांवर गेला तरी दवाखान्यात न्या, आणि जाताना बाटली सोबत घ्या.