गंगापूर धरणावरचे माझे फोटो धुरकट, फिके येतात. एडिटिंगने सुधारतील का?

सुधारतील, पण फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढलेला हवा. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या दाबलेल्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या 256 छटा असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. सावलीतला तपशील वर काढताना हा फरक लगेच कळतो.

पावसाळ्यात बॅकवॉटरवरून अंजनेरीचा फोटो काढला की आकाश पांढरंफटक आणि डोंगर काळाठिक्कर, हे ठरलेलंच. तेव्हा आधी हायलाइट्स (उजळ भाग) खाली, मग शॅडोज (गडद भाग) थोड्या वर. धुरकटपणा कमी करणारं डीहेझ जपून वापरा. जास्त झालं की आकाश मळकट निळं होतं आणि डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते. ते फक्त लांबच्या डोंगरावर मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून लावलं तर पुढचं पाणी बिघडत नाही. सगळेच रंग गडद करणाऱ्या सॅच्युरेशनला हात लावू नका, फिके रंग जास्त उठवणारं व्हायब्रन्स पुरतं. भातखाचरांचा हिरवा आधीच भडक असतो, मी तर तो थोडा पिवळ्याकडे सरकवून कमी करतो.

आता दुसऱ्यांचं मत. घरच्या ग्रुपवर टाकलात तर ‘लय भारी’ आणि चार अंगठे मिळतील, उपयोग शून्य. फोटो काढणाऱ्या दोघा-तिघांना मूळ आणि एडिट केलेला असे दोन्ही दाखवा आणि नेमकं विचारा: नजर आधी कुठे जाते? माझ्या एका फोटोत मला ढग दिसत होते. मित्राला कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी दिसली. महिनाभर मला ती दिसलीच नव्हती!