आधी म्युऑनला भेटा

अवकाश आणि काळ एकत्र कसे बांधलेले आहेत हे समजून घ्यायचं असेल, तर रबराच्या ताणलेल्या चादरीचं चित्र सध्या बाजूला ठेवा. ते गुरुत्वाकर्षणासाठी आहे, आणि एकदा डोक्यात बसलं की निघता निघत नाही. त्याऐवजी म्युऑन घ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण त्याहून जड असा कण. वैश्विक किरणांमुळे सुमारे १५ किलोमीटर उंचीवर हे कण तयार होतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, प्रकाशाच्या वेगानं धावले तरी तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर जातील. तरीही ते जमिनीवर पोचतात, आत्ता तुमच्या तळहातातूनही जाताहेत!

आपण म्हणतो, त्यांचं घड्याळ मंद चाललंय. म्युऑनच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळ ठीक आहे, वातावरणच आक्रसलंय. बरोबर दोघंही. इथे घाई करू नका, मला हे पचायला बरेच महिने लागले.

मग आलेखाची वही काढा. काळ उभा, अंतर आडवं, प्रकाशाची रेघ ४५ अंशांत. प्रकाशाच्या ०.६ पट वेगानं जाणारा प्रवासी घ्या: काळ ५ वर्षं, अंतर ३ प्रकाशवर्षं. वर्गांची वजाबाकी करा, २५ वजा ९, म्हणजे १६. त्याचं वर्गमूळ ४, म्हणजे प्रवाशाच्या घड्याळात ४ वर्षंच गेलीत! काळ आणि अंतर प्रत्येकाचं वेगळं, ही वजाबाकी मात्र सगळ्यांची सारखी. गणितज्ञ मिन्कोव्स्कीनं १९०८ मध्ये अवकाश आणि काळ एकत्र बांधले ते याच धाग्यानं.