वाटेतल्या एका रात्रीच्या मुक्कामात ट्रॅव्हल ट्रेलर ट्रकलाच जोडून ठेवला तर चालतं का?

चालतं. तुम्ही लिहिलंय की पिकअप ट्रकमागे ओढायचा, आत राहता येईल असा हा ट्रेलर नवीनच घेतलाय, अमेरिकेत लांबच्या सफरीला निघताय आणि रोज संध्याकाळी सोडवून सकाळी पुन्हा जोडायचा या विचारानेच दमायला होतंय. आम्ही डेन्व्हरहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जातो तेव्हा पहिली रात्र वायोमिंगमधल्या कॅस्परला काढतो आणि तिथे ट्रेलर कधीच सोडवत नाही. वायोमिंगचा आडवा वारा सोसत 280 मैल आलेल्या माणसाने अंधारात हिचशी, म्हणजे ट्रक-ट्रेलरच्या जोडणीशी, खटपट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅम्पग्राउंडवर जागा राखताना मात्र पुल-थ्रू मागा, म्हणजे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येतं. लांबी ट्रक आणि ट्रेलर मिळून सांगा. उभं करताना दोन्ही एका रेषेत ठेवा, कोनात राहिले तर हिचवर रात्रभर ताण राहतो आणि पुढे सोडवायची वेळ आली तर ट्रेलरच्या टोकाचा कपलर ट्रकच्या ज्या गोळ्यावर बसतो, त्या बॉलवरच अडकून राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जोडलेला आहे म्हणून चाकांना ठोकळे लावायचे टाळू नका. इथल्या बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरना हँडब्रेक नसतोच. त्यांचे ब्रेक विजेवर चालतात आणि ती वीज ट्रकमध्ये पेडल दाबल्यावर मिळते. ट्रक बंद केला की मागचे काही हजार पौंड फक्त ट्रकच्या ब्रेकच्या भरवशावर उभे असतात. मी मूळचा जळगावचा. कार्तिकी एकादशीला आमच्याकडे श्रीरामाचा रथ निघतो, तेव्हा दोरापेक्षा माझं लक्ष मोगरी लावणाऱ्या माणसांकडे असायचं. चाकाखाली वेळेवर मोगरी गेली तरच रथ थांबतो. इथे ठोकळे हातात घेतले की मला तेच आठवतं. दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढून आणि मागून, घट्ट लावा. ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लागावेत म्हणून एक बारीक केबल असते. ती ओढून हँडब्रेकचं काम काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बॅटरी उतरते आणि ब्रेकचे चुंबक तापून खराब होतात.

जोडून ठेवायचं की नाही, हे खरं तर जमीनच ठरवते. डावी-उजवीकडचा उतार असेल तर खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या टाकून ट्रेलर वर चढवता येतो, त्यासाठी सोडवावं लागत नाही. हे ठोकळे लावायच्या आधी करा. पुढे-मागे उतार असेल तर मात्र अडचण आहे. पुढचा जॅक फिरवून नाक उचलायला गेलात की ट्रकचं मागचं टोकही उचललं जातं. पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर असतो, म्हणजे ज्या चाकांनी सगळं धरून ठेवलंय त्यांच्यावरचाच भार तुम्ही काढून घेता. थोडं तिरकं झोपायला हरकत नाही, पण फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर त्याला बऱ्यापैकी सपाटी लागते. सहसा आडवा 3 अंश आणि लांबीच्या दिशेने 6 अंश एवढाच कल चालतो. त्याहून जास्त वाटला तर जागा बदलून मागा, नाहीतर सरळ सोडवा. बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजला याचं फारसं काही नसतं.

ट्रेलरच्या कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर, म्हणजे आधाराचे पाय, खाली सोडा, पण जमिनीला टेकून हलकेच घट्ट होतील एवढेच. ते डुलणं थांबवण्यासाठी आहेत, वजन उचलण्यासाठी नाहीत.

ट्रकमधून ट्रेलरला वीज देणारा सात पिनांचा प्लग रात्री काढून ठेवा. काही ट्रकमध्ये चावी काढल्यावरही त्यातून वीज वाहत राहते. मग रात्रभर ट्रेलरचा हीटर ट्रकच्या बॅटरीवर चालतो आणि सकाळी ट्रक सुरू होत नाही. काढलेला प्लग मी ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलला दोरी बांधून लक्षात ठेवतो, कारण तो लावायचा राहिला तर ट्रेलरला ना दिवे, ना ब्रेक.

सोडवायचा कधी? ट्रक लागणार असेल तेव्हा. पुढे कोडी या गावी आम्ही दोन रात्री राहतो. तिथून यलोस्टोनचं पूर्वेचं प्रवेशद्वार सुमारे 50 मैलांवर आहे आणि पुढे सिल्व्हन खिंडीचा चढ. तिकडे ट्रेलर कशाला ओढत न्यायचा? पहिल्याच वर्षी कोडीत मी घाईने आधी कपलर उघडला, ठोकळे अजून डिकीतच होते. ट्रेलर फूटभर मागे सरकला आणि मागे माझी मुलगी पाण्याचा पाइप जोडत होती. तिला काही झालं नाही, पण ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून ठोकळे लावले की ती मोठ्याने सांगते, आणि तिचा आवाज आल्याशिवाय मी कपलरला हात लावत नाही.