अँटिबायोटिक लागू पडत नसेल, तर जोडीला देऊन ते पुन्हा लागू करणारी औषधं असतात ना? मग रेझिस्टन्सची एवढी भीती कशाला?

असतात. तुमच्या घरातही एखादं पडलेलं असेल. 625 ची गोळी म्हणजे 500 अमोक्सिसिलिन आणि 125 क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. हे क्लॅव्ह स्वतः जंतू फारसे मारत नाही. अमोक्सिसिलिन फोडायला जंतू जे एंझाइम सोडतात, त्याला ते जाऊन चिकटतं आणि एंझाइम निकामी करतं. सल्बॅक्टम, टॅझोबॅक्टम ही त्याचीच भावंडं.

पण "मग भीती कशाला" वाचलं आणि राहवलं नाही. माझा थोरला भाऊ मला वर्षानुवर्षं हेच ऐकवतोय.

सोलापुरात पूर्व भागात आमचं मेडिकल आहे. मी जेवायला गेलो की दादा गल्ल्यावर बसतो. घसा धरला म्हणून कोणी आलं की चंदेरी पाकीट फाडायचं, आतली स्ट्रिप काढायची आणि कात्रीने चार गोळ्या कापून द्यायच्या. चिठ्ठी विचारायची नाही. मी बोललो की म्हणणार, "अरे, यात क्लॅव्ह आहे, रेझिस्टन्स मोडणारं. चार गोळ्यांनी काय होतंय?"

बाबांनाही तेच. त्यांचं उभं आयुष्य टॉवेलच्या लूमवर गेलं, त्यात शुगर. लघवीला जळजळ झाली की दादा दोन दिवस 625 द्यायचा, जळजळ थांबली की बंद. वर्षातून चार-पाच वेळा. 2019 मध्ये ऐन गड्ड्याच्या दिवसांत त्यांना हुडहुडी भरून ताप आला, रात्री बरळायला लागले. अ‍ॅडमिट केलं. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून करतात त्या तपासणीत, इ. कोलाय हा जंतू निघाला. रिपोर्टची पहिली ओळ अमोक्सिक्लॅव, म्हणजे तीच 625, पुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, लागू पडत नाही. खाली आर, आर, आर. मेरोपेनेम या अँटिबायोटिकपुढे तेवढा एस, म्हणजे लागू पडतं. मग आठ-आठ तासांनी शिरेतून इंजेक्शन. हाताला शीर सापडेना, तर नर्सने पायाला सुई लावली. बाबा वाचले.

असं का होतं? काही जंतू एंझाइमच इतकं भरमसाट बनवतात की क्लॅव्ह पुरत नाही. काहींचं एंझाइम क्लॅव्हला दादच देत नाही. दिल्लीच्या नावाचं एनडीएम तसलंच. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीने शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टम या क्लॅव्हसारख्याच औषधाला सेफेपिम या अँटिबायोटिकच्या जोडीने 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मला त्याचा मनापासून अभिमान आहे, पण एनडीएमपुढे तेही चालत नाही. आणि एमआरएसएसारख्या (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) जंतूने औषध जिथे चिकटतं ती जागाच बदललेली असते, तिथे एंझाइम अडवून उपयोग शून्य.

म्हणून सर्दी-खोकल्याला 625 मागू नका. सर्दी व्हायरसची, तिथे या गोळीचं काही काम नाही. कोणी चिठ्ठीशिवाय कापून देत असेल तर त्या दुकानात पुन्हा जाऊ नका, आमचं असलं तरी.

एक सांगायला हवं. बाबांचे जंतू दादाच्या गोळ्यांनीच तसे झाले, हे मी सिद्ध करू शकत नाही. असे जंतू आता कधी गोळी न खाल्लेल्यांच्या पोटातही सापडतात. शिवाय कोर्स लांबवला म्हणजे चांगला असंही नाही, काही आजारांत पाच दिवस पुरतात. ते डॉक्टर ठरवतील, गल्ल्यावरचा माणूस नाही.

दादा हे वाचणार आहे. दादा, तो रिपोर्ट देवघराच्या कप्प्यात आहे, तिसरी ओळ बघ. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, आर. टॅझोबॅक्टमसुद्धा तुझ्या भाषेत रेझिस्टन्स मोडणारंच आहे.