आधी नाडकचेरी, मग कॉलेज

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा खानापूरच्या बाजारात तुझे बाबा भेटले. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाले, "सर, पोरगी आता बारावीला, दुसऱ्या पीयूसीला आली, पुढचं काय कळत नाही बघा. तुम्हीच चार शब्द सांगा तिला." रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. कुठली लाइन घ्यायची ते मी सांगणार नाही. इंजिनिअरिंगचं तू मनात पक्कं केलंयस, हे मला माहीत आहे. मला धास्ती आहे ती कागदांची. आपल्या कर्नाटकातल्या सीमाभागातली पोरं मार्कांत कमी आणि कागदांत जास्त अडकतात.

आधी नावाचं बघ. मागे माझ्याकडे एक मुलगा होता, नाव 'ज्ञ'वरून सुरू होणारं. मराठी शाळेच्या दाखल्यावर त्याचं स्पेलिंग डी-एनवरून, दहावीच्या मार्क्सकार्डावर जे-एनवरून, कारण कन्नडमधून इंग्रजी करताना तसंच लिहितात, आणि आधारवर जी-वायवरून. पोरगा एक, नावं तीन. ऐन ॲडमिशनच्या आठवड्यात बाप प्रतिज्ञापत्रासाठी वकिलाच्या दारात बसला होता. तेव्हा आजच रात्री आधार, एसएसएलसीचं म्हणजे दहावीचं मार्क्सकार्ड, जातीचा दाखला आणि बँक पासबुक एका ओळीत मांड आणि एकेक अक्षर ताडून बघ. फरक असेल तर परीक्षेआधी दुरुस्त करून घे.

मग नाडकचेरी, म्हणजे दाखले देणारं महसूल कार्यालय. जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक असतो, केईएच्या (कर्नाटकच्या परीक्षा प्राधिकरणाच्या) अर्जात तोच भरावा लागतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली नाही ना, तेही बघ. तू पहिली ते दहावी गावातच शिकलीस, म्हणून ग्रामीण कोटा मागता येतो. कन्नड माध्यमाचा कोटा मात्र आपल्याला नाही, त्या चौकोनात चुकूनही टिक करू नकोस. केसीईटीच्या, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीच्या जागांवर हक्क सांगायला साधारणपणे कर्नाटकात किमान सात वर्षं शिकलेलं असावं लागतं. तुझं सगळं शिक्षण इथलंच, त्यामुळे तुला चिंता नाही. पण निपाणीकडची कितीतरी पोरं मामाकडे महाराष्ट्रात कागलला दोन वर्षं, परत इकडे तीन वर्षं अशी शिकलेली असतात. त्यांनी बोटांवर वर्षं मोजावीत.

आता मुख्य गोष्ट. तुला दोन दारं आहेत आणि बहुतेक घरांत एकच माहीत असतं. महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या नियमांत 'टाइप ई' म्हणून एक प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना त्यातून तिकडच्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो. त्याला दोन दाखले लागतात, सीमाभागातली असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, तेही त्यांनी दिलेल्या नमुन्यातच. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांत तुझ्या गावाचं नाव आहे का, ते आधी बघून घे. पण त्यासाठी तिकडची सीईटी, एमएचटी-सीईटी, वेगळी द्यावी लागते आणि तिचे अर्ज पीयूसीच्या परीक्षेआधीच सुरू होतात आणि निकालाच्या कितीतरी आधी बंदही होतात. निकाल लागल्यावर जागं होऊन उपयोग नाही. आणि इथला '३ब' हा मागास प्रवर्ग तिकडे त्याच नावाने चालेल असं समजू नकोस.

दोन्ही परीक्षांत चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इकडे रँक काढताना निम्मं वजन सीईटीचं आणि निम्मं पीयूसीतल्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचं. कुणी म्हणेल, "बोर्डाचं काय घेऊन बसलीस?" तर त्याचं ऐकू नकोस.

ऑप्शन एंट्रीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चूक माझ्या हातून झालेली आहे. कॉलेज आणि शाखेच्या जोड्या तुला हव्या त्या क्रमाने लावायच्या असतात, कितीही लावता येतात. घाबरून पाच-सहावर थांबू नकोस, आणि 'मिळेल असं वाटतं ते वर' असंही करू नकोस. जे सगळ्यात हवंय तेच वर. आधी मॉक अलॉटमेंट लागते, ती बघून क्रम बदलता येतो. जागा लागली की चार पर्याय येतात. पहिला, ही जागा पक्की. दुसरा, ही हातात ठेवतो पण वरची मिळाली तर बघतो. तिसरा, ही सोडतो, पुढच्या फेरीत येतो. चौथा, मला काहीच नको. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी दुसऱ्याऐवजी तिसरा निवडायला सांगितला. दोन्ही सारखेच, असं मला वाटलं होतं. त्याची मिळालेली जागा गेली आणि पुढच्या फेरीत हाती काहीच लागलं नाही. पोरगा मला एका शब्दानेही बोलला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून त्या पानावरची ओळन् ओळ मी दोनदा वाचतो. तूही वाच.

अर्ज कॉम्प्युटर सेंटरवर भरलास तरी मोबाइल नंबर तुझ्या घरचा दे. सेंटरवाले घाईत आपला नंबर टाकतात, मग ओटीपी त्यांच्याकडे आणि आपण त्यांच्या दारात. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. शिष्यवृत्तीचा अर्ज एसएसपीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आणि बीसीएम (मागासवर्ग कल्याण खात्याच्या) हॉस्टेलचा अर्ज ॲडमिशन झाल्या झाल्या, दिवाळीनंतर नव्हे.

तुझ्या दादाचंही बाबांनी विचारलं. पीयूसीत दोन विषय राहिले म्हणून तो घरी बसलाय म्हणे. पीयूसीची आता वर्षात एकाहून जास्त वेळा परीक्षा होते, बसवा त्याला. नाहीच म्हणाला तर दहावीवर आयटीआय आहे. फिटर, टर्नर होऊन उद्यमबागच्या फाउंड्रीत किंवा शिनोळीला ॲप्रेंटिस लागला तर हातात काही तरी पडेल. भरतीच्या नादाने रोज पळतोय, चांगलंय, पण अग्निवीरला आता आधी लेखी परीक्षा असते, हे त्याला सांग. नुसतं पळून भागत नाही.

आणि कन्नड. यावरून आपल्याकडे घरात वाद होतात, तुझे आजोबा माझ्यावर चिडतील. महाराष्ट्राने सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा टाकला २००४ साली, तू जन्मलीही नव्हतीस. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण बँकेच्या क्लार्कला, पोस्टात डाकसेवकाला या राज्यात स्थानिक भाषा म्हणून कन्नडच विचारतात, राज्य सरकारच्या नोकरीत तर पेपरच असतो. डाकसेवकाची निवड दहावीच्या मार्कांवर होते, आणि दहावीपर्यंत कन्नड शिकलेलं असावं लागतं. ते तू शिकली आहेस, फक्त बोलायला लाजतेस. बसमध्ये कंडक्टरशी बोलायला सुरुवात कर. त्याने आपल्या मराठीचं काही बिघडत नाही, मी दोन्हींत भांडतो.

येत्या रविवारी सकाळी दहाला घरी ये. सगळे मूळ कागद, दोन-दोन झेरॉक्स, आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो तो फोन चार्ज करून आण. दादालाही आण, तो नाही म्हणाला तरी.

तुझे सर